बारीक पिन आहे का?

साधारण २००५ ते २०१२ या काळात महाराष्ट्रातल्या कुठल्याही मंगल कार्यालयात अक्षता पडल्या, पंगती बसू लागल्या की एक गृहस्थ हातात मोबाईल धरून खुर्च्यांच्या रांगांतून फिरताना दिसायचे. त्यांना जेवणाची घाई नसे आणि आहेराचीही नसे. भेटेल त्याला ते एकच विचारत, "बारीक पिन आहे का हो?" समोरच्याकडे नेमकी जाडी असायची. नोकियाने आधी साडेतीन मिलीमीटरची गोल पिन दिली होती, पुढे दोन मिलीमीटरची आणली. फरक अवघा दीड मिलीमीटरचा, पण तेवढ्यावर वऱ्हाडात दोन तट पडायचे. सोनी एरिक्सनवाल्याला तर या चर्चेत कोणी घेतच नसे. त्याची पिन रुंद, चपटी आणि अख्ख्या कार्यालयात एकमेव. तो बिचारा स्वतःचा चार्जर खिशात घालूनच लग्नाला येई आणि स्टेजमागच्या बोर्डापाशी लाइटिंगवाल्या पोराची मनधरणी करत बसे.

बाजाराने या घोळातून आपली परिभाषा काढली. मोटोरोलाच्या व्ही-थ्री मॉडेलला मिनी यूएसबीची पिन होती, म्हणून पुण्याच्या तापकीर गल्लीपासून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपर्यंत मिनी म्हणजे 'व्ही-थ्री' आणि मायक्रो म्हणजे 'व्ही-एट'. ते फोन केव्हाच भंगारात गेले, नावं मात्र दुकानातल्या खोक्यांवर राहिली. लोकलमध्ये दहा तोंडांची केबल विकायला यायची. घेणारा तिचं एक तोंड वापरायचा आणि उरलेली नऊ जन्मभर लोंबत ठेवायचा.

हे सगळं साहित्य पुढे गेलं कुठे? घरातच आहे. बहुतेक घरांत टीव्हीखाली एक खण असतो, नाहीतर श्रीखंडाचा रिकामा डबा. त्यात रबरबँड लावून गुंडाळलेल्या वायरी असतात. त्यातली एक तरी अशा कॅमेऱ्याची असते, की जो घरात होता हेही आता कुणाला आठवत नाही. टाकून द्यायला काढली की घरातलं ज्येष्ठ माणूस म्हणतं, "असू दे, लागेल." हा स्वभाव मराठी आहे असं कोणाला वाटत असेल तर त्यांनी युरोपीय आयोगाची पाहणी बघावी. तिथल्या माणसाकडे सरासरी तीन मोबाईल चार्जर निघाले आणि वापरात होते दोन. तिसरा 'असू दे' या सदरातला. आणि एवढे चार्जर असूनही १०० पैकी ३८ जणांनी सांगितलं, की हाताशी असलेला चार्जर बसत नाही म्हणून निदान एकदा तरी आपली पंचाईत झाली आहे.

२००९ साली युरोपात मोबाईल चार्जरचे तीसेक प्रकार चालू होते. त्याआधी, २००६च्या डिसेंबरात, चीनने एक व्यवहारी नियम केला होता: फोनला कुठलीही पिन ठेवा, पण भिंतीत खोचायच्या चार्जरला यूएसबीचंच तोंड पाहिजे. म्हणजे निम्मा प्रश्न सुटला. युरोपीय आयोगाने जून २००९ मध्ये उरलेल्या निम्म्याला हात घातला. मोठ्या कंपन्यांना बोलावून सांगितलं, की एकच पिन ठरवा, नाहीतर आम्हाला कायदा करावा लागेल. कायद्याचं नाव काढताच कंपन्यांना एकाएकी जनहिताचा कळवळा आला. दहा जणांनी स्वेच्छेच्या करारावर सह्या केल्या, नंतर आणखी काही आले आणि मायक्रो यूएसबी ही सर्वांची पिन ठरली. नोकिया, सॅमसंग, मोटोरोला, सोनी एरिक्सन आणि ॲपल, सगळ्यांनी सह्या केल्या.

हो, ॲपलनेही. करारात सोय होती, की फोनला मायक्रो यूएसबी नसेल तर मध्ये अडॅप्टर लावला तरी चालेल. ॲपलने अडॅप्टर काढला आणि वेगळे पैसे लावून विकला. सही केली, शब्द पाळला, पिन आपलीच ठेवली आणि वर गिऱ्हाइकाकडून चार पैसे सुटले. वकिलीच्या पहिल्या वर्षाला लावावा असा हा धडा आहे.

तीन वर्षांनी, सप्टेंबर २०१२ मध्ये, आयफोन ५ बरोबर 'लाइटनिंग' आली. त्याआधीची तीस पिनांची रुंद पट्टी २००३ पासून चालू होती आणि तिच्याभोवती लोकांनी स्पीकर, गजराची घड्याळं, गाडीतले स्टँड असं बरंच काही विकत घेऊन ठेवलं होतं. ते एका दुपारी जुनं झालं. व्यासपीठावर कंपनीचे फिल शिलर यांनी पुढच्या दशकासाठीचं आधुनिक कनेक्टर म्हणून तिची ओळख करून दिली. न्यायाने बोलायचं तर लाइटनिंग चांगली होती. उलटी-सुलटी कशीही घाला, बसायची. त्याच वेळी मायक्रो यूएसबीवाले रात्री अंधारात आधी एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने आणि शेवटी पुन्हा पहिल्याच बाजूने प्रयत्न करत होते.

या तीनदा प्रयत्न करायला लावणाऱ्या यूएसबीचा एक उगम बडोद्यापर्यंत जातो. महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या नावाच्या विद्यापीठात शिकलेले अजय भट्ट पुढे इंटेलमध्ये गेले आणि ज्या गटाने यूएसबी घडवली त्याचं त्यांनी नेतृत्व केलं. १९९६ च्या जानेवारीत तिची पहिली आवृत्ती आली. त्याआधी संगणकाच्या पाठीमागे माउसचं तोंड वेगळं, कीबोर्डचं वेगळं, प्रिंटरचं तर बोटभर स्क्रू लावलेलं. ते सगळं या एका चौकोनाने मोडीत काढलं. ती दोन्ही बाजूंनी बसेल अशी का केली नाही, असं भट्टांना पुढे अनेकदा विचारलं गेलं. उत्तर सरळ होतं: तारा दुप्पट लागल्या असत्या, खर्च वाढला असता आणि नव्या गोष्टीला आधीच कोणी हात लावेना. जगभरच्या चिडचिडीला दोष दिलाच तर हिशेबाच्या वहीला द्यावा लागेल.

दोन्ही बाजूंनी बसणारी टाईप-सी ऑगस्ट २०१४ मध्ये कागदावर आली. तिच्या इवल्याशा तोंडात २४ संपर्क आहेत, वर बारा आणि खाली बारा. आता मात्र युरोपच्या खासदारांचा धीर सुटला. स्वेच्छेचा करार होऊन दहा वर्षं झाली होती, तिसाचे तीन प्रकार झाले होते, पण तीनाचा एक होत नव्हता. जानेवारी २०२० मध्ये युरोपीय संसदेने ५८२ विरुद्ध ४० मतांनी एकच चार्जर हवा असा ठराव केला. सप्टेंबर २०२१ मध्ये आयोगाने कायद्याचा मसुदा आणला.

ॲपलचं म्हणणं असं, की कायद्याने पिन ठरवली तर नवीन काही सुचणंच बंद होईल. हा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. २००९चा करार सक्तीचा कायदा असता तर युरोप कदाचित आजही मायक्रो यूएसबी उलटसुलट करत बसला असता. सरकारी राजपत्रात छापलेली पिन बदलायला किती वर्षं लागतात हे सांगायला तज्ज्ञ नको. पण हा युक्तिवाद करणाऱ्या कंपनीने २०१५ साली मॅकबुक काढला, त्याला एकुलता एक पोर्ट दिला आणि तो टाईप-सीच होता. २०१८च्या आयपॅड प्रोलाही टाईप-सी होती. म्हणजे नवीन सुचलेलं घरात येऊन बसलं होतं, फक्त फोनच्या खोलीत त्याला जायला बंदी होती. लाइटनिंगची अधिकृत केबल बनवायची तर बाहेरच्या कंपन्यांना ॲपलचा परवाना घ्यावा लागे, ही गोष्टही इथे ध्यानात ठेवायला हरकत नाही.

४ ऑक्टोबर २०२२ रोजी मतदान झालं. बाजूने ६०२, विरोधात १३, तटस्थ ८. माल्टाचे खासदार ॲलेक्स एजिस सलिबा यांनी हा विषय संसदेत लावून धरला होता. युरोपच्या संसदेत मासेमारीपासून शेतीच्या अनुदानापर्यंत कशावरही एकमत होणं मुश्कील, पण चार्जर शोधून शोधून दमलेला माणूस डावा असो की उजवा, मत एकच देतो. ते तेरा विरोधक कोण होते आणि त्यांच्या घरी चार्जर कोण सांभाळतं, हा संशोधनाचा विषय आहे. त्याच महिन्यात ॲपलचे ग्रेग जॉसविॲक यांनी जाहीर मुलाखतीत मान्य केलं, की नियम पाळावाच लागेल, दुसरा इलाज नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोन १५ टाईप-सी घेऊन आला. दशकाचा वायदा केलेल्या लाइटनिंगने अकरा वर्षं काढली. तेवढं श्रेय द्यायला हवं.

ब्रुसेल्समधल्या नियमाचा नाशिकच्या गिऱ्हाइकाशी संबंध काय, तर एवढाच, की युरोपसाठी एक आणि भारतासाठी दुसरा असा फोन बनवणं कोणालाच परवडत नाही. कायदा तिथे झाला आणि इथल्या घरातली आयफोनवाली सून आणि अँड्रॉइडवाले सासरे एका वायरीवर आले.

कायद्याची अंमलबजावणी २८ डिसेंबर २०२४ पासून सुरू झाली. फोन, टॅब्लेट, कॅमेरे, हेडफोन, स्पीकर, ई-रीडर, कीबोर्ड, माउस हे सगळे यादीत आले. लॅपटॉपना २८ एप्रिल २०२६ ही तारीख मिळाली. त्या डिसेंबरात ॲपलने लाइटनिंगवाले उरलेले आयफोन १४ आणि एसई युरोपीय संघातल्या आपल्या ऑनलाइन दुकानांतून काढून घेतले. ब्रिटन संघातून बाहेर पडलेला असल्याने लंडनला हा नियम लागू नाही, पण उत्तर आयर्लंडचा करार वेगळा असल्याने बेलफास्टला आहे. एकाच राजाच्या राज्यात पिनेचे दोन कायदे. ब्रेक्झिटने नक्की काय साधलं असं विचारणाऱ्याला निदान एक गोष्ट दाखवता येते.

कायदा झाला म्हणजे शहाणपण येतंच असं नाही, याचे दोन नमुने मुद्दाम जवळून बघण्यासारखे आहेत.

पहिला नमुना पेन्सिलीचा. २०१५ साली आलेल्या ॲपल पेन्सिलीच्या शेपटाला लाइटनिंगची पिन होती आणि चार्जिंगसाठी ती थेट आयपॅडच्या पोटात खोचायची असे. टॅब्लेटमधून वीतभर दांडी बाहेर आलेली आणि आजूबाजूला लहान मूल असेल तर घरच्यांचे प्राण कंठाशी आलेले, असा तो देखावा. ऑक्टोबर २०२२ मध्ये दहाव्या पिढीचा आयपॅड आला. त्याला पोर्ट टाईप-सीचा, पण चालणारी पेन्सिल मात्र तीच, जुन्या पिनेची. आता पेन्सिल खोचायची कुठे? त्यासाठी कंपनीने एक नवा अडॅप्टर काढला. नऊ डॉलर.

दुसरा नमुना माउसचा. याच कंपनीच्या २०१५च्या मॅजिक माउसला चार्जिंगचं भोक पोटाला दिलेलं आहे. चार्ज करायचा म्हणजे त्याला टेबलावर उताणा पाडायचा. तो उताणा असेतो काम बंद. नऊ वर्षं लोक यावर हसले. कायद्याच्या यादीत माउस आल्यामुळे ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याला टाईप-सी मिळाली. कुठे? पोटालाच. कायद्यात पिन कुठली हवी ते लिहिलं होतं. कुठे हवी ते लिहायचं कोणाला सुचलं नव्हतं.

याच कायद्याचं दुसरं कलम कमी गाजलं, पण खिशाला तेच जास्त लागतं. गिऱ्हाइकाला चार्जर नको असेल तर चार्जरशिवाय वस्तू घेता आली पाहिजे आणि खोक्यात चार्जर आहे की नाही ते चित्र काढून दाखवलं पाहिजे, असं ते म्हणतं. कंपन्या यात सरकारच्या पुढे धावल्या होत्या. ऑक्टोबर २०२० मध्ये आयफोन १२ बरोबर ॲपलने चार्जर देणं थांबवलं, कारण पर्यावरण. सॅमसंगने लगेच फेसबुकवर आपल्या चार्जरचा फोटो टाकून चिमटा काढला, की आमच्याकडे मिळतो बरं का. पुढच्या जानेवारीत सॅमसंगचा गॅलेक्सी एस-२१ चार्जरविना आला. तो चिमटा त्याआधीच गुपचूप पुसून टाकण्यात आला होता. किंमत चार्जरच्या भावाने उतरली का, असला क्षुद्र प्रश्न पर्यावरणाच्या गंभीर चर्चेत काढायचा नसतो. ब्राझीलने तो काढला. सप्टेंबर २०२२ मध्ये, नवा आयफोन जाहीर होण्याच्या आदल्या दिवशी, तिथल्या न्याय मंत्रालयाने ॲपलला १ कोटी २२ लाखांहून अधिक रिआलचा दंड केला आणि चार्जर नसेल तर फोन विकू नका असं बजावलं. एका खंडात चार्जर घेण्याची सक्ती नको म्हणून कायदा, दुसऱ्या खंडात चार्जर दिला नाही म्हणून दंड. दोन्हीकडे कारण ग्राहकहिताचं.

भारत सरकारही गप्प नव्हतं. ऑगस्ट २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने उद्योगांची बैठक घेतली. १६ नोव्हेंबरच्या बैठकीत फोन, टॅब्लेट आणि लॅपटॉपसाठी टाईप-सीवर सर्वांचं जमलं. अडलं ते साध्या, बटणांच्या फोनवर. दीड हजाराच्या फोनमध्ये चार पैसे महाग पिन बसवली तर ते ओझं ज्याला कमीत कमी परवडतं त्याच्यावर पडणार, म्हणून त्यांचा विचार वेगळा करायचं ठरलं. ही अडचण युरोपच्या चर्चेत फारशी कधी आली नाही, कारण तिथे दीड हजाराचा फोन हा विषयच नव्हता. पुढे भारतीय मानक ब्यूरोने टाईप-सीचं मानक प्रसिद्धही केलं. आपल्याकडे मानक निघणं आणि ते एसटी स्टँडावरच्या टपरीपर्यंत पोचणं यात किती अंतर असतं हे वाचकांना ठाऊक आहेच. गंमत अशी, की टपरीवाल्याने मानकाची वाट पाहिलीच नाही. त्याच्याकडच्या दाढीच्या ट्रिमरला, गळ्यात अडकवायच्या पंख्याला, टॉर्चला केव्हाच टाईप-सी आली होती.

आणि खरा तमाशा इथून पुढे सुरू होतो.

तो गळ्यातला पंखा घ्या. भोक टाईप-सीचं. सोबत एक आखूड केबल, जिचं एक टोक जुन्या चौकोनी यूएसबीचं आणि दुसरं टाईप-सीचं. तिने पंखा चार्ज होतो. मग घरातल्या भारी लॅपटॉपचा चार्जर, ज्याच्या केबलला दोन्हीकडे टाईप-सी आहे, तो लावला तर पंखा ढिम्म. दिवा लागत नाही, काही नाही. घरातला इंजिनिअर मुलगा येऊन बघतो, फुंकर मारतो, पुन्हा लावतो. मुलगा बरोबर असतो, चार्जर बरोबर असतो. पंख्यात काही पैशांचे दोन रोध, म्हणजे रेझिस्टर, बसवायचे राहून गेलेले असतात. टाईप-सीचा चार्जर पलीकडे कोण आहे हे त्या रोधांवरून ओळखतो. ओळख पटल्याशिवाय तो वीज सोडत नाही. जुना चौकोनी यूएसबी असल्या चौकशा करत नसे. जो येईल त्याला पाच व्होल्ट देऊन मोकळा व्हायचा.

पिन एक झाली तरी बोलणी बाकी राहतात, आणि ही बोलणी हुबेहूब लग्नाची आहेत. ओळख पटल्यावर चार्जर आपली ऐपत सांगतो: पाच व्होल्ट देऊ, नऊ देऊ, पंधरा, वीस. फोन आपली अपेक्षा सांगतो. मधली केबल म्हणजे मध्यस्थ. तीन अँपिअरच्या वरचा व्यवहार असेल तर तिच्या पोटात एक चिप लागते. ती चिप दोन्हीकडच्यांना सांगते, की मी एवढं वाहून नेऊ शकते. चिप नसेल तर मोठी बोलणी होत नाहीत, साध्या समारंभावर भागवावं लागतं. बोलणी करून वीज ठरवण्याच्या या पद्धतीला 'पॉवर डिलिव्हरी' म्हणतात आणि युरोपचा कायदा म्हणतो, की पंधरा वॉटच्या वर जाणाऱ्या वस्तूला ती आलीच पाहिजे.

पण पोटजाती कुठे जातात? ओप्पोचं वूक, रिअलमीचं डार्ट, वनप्लसचं वॉर्प. तिन्ही एकाच घराण्यातली, आडनावं मात्र बरीच वर्षं वेगळी होती. यांचा फोन आपल्यातल्या चार्जरला भेटला की अर्ध्या तासात भरून टुम्म. परक्या चार्जरला लावला की नाइलाजाने, मान खाली घालून, दोन तास घेतो. खोक्यावर ठळक अक्षरात ६७ वॉट असतं. ते कोणाच्या सोयरिकीत, हे बारीक अक्षरात.

मध्यस्थ खोटारडा निघाला तर काय होतं याची नोंद इतिहासात आहे. गुगलचे अभियंते बेन्सन ल्युंग २०१५च्या नोव्हेंबरपासून ऑनलाइन दुकानातल्या टाईप-सी केबली स्वतःच्या पैशाने मागवून तपासत आणि त्यावर रोखठोक अभिप्राय लिहीत. २०१६च्या फेब्रुवारीत अशा एका केबलमध्ये विजेची आणि जमिनीची तार चक्क अदलाबदल केलेली निघाली. ती लावल्यावर त्यांचा महागडा क्रोमबुक आणि तपासणीची दोन उपकरणं जागच्या जागी खलास झाली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत ॲमेझॉनने मानकात न बसणाऱ्या टाईप-सी केबली विकायला बंदी घातली. एका माणसाचा लॅपटॉप जळल्याने बाजाराला शिस्त लागली म्हणायला जीव धजत नाही, पण थोडी लागली.

वेगाचं तर आणखीच वेगळं. २००८ साली आलेल्या यूएसबी ३.० चं नाव पुढे यूएसबी ३.१ जेन १ झालं आणि मग यूएसबी ३.२ जेन १. वेग तिन्ही नावांत तोच, सेकंदाला ५ गिगाबिट. २०२३च्या साध्या आयफोन १५ चं तोंड अद्ययावत टाईप-सी, पण आतला वेग सन २०००च्या यूएसबी २.० चा, ४८० मेगाबिट. प्रोला १० गिगाबिट मिळतात. फक्त खोक्यात येणारी केबल जुन्या वेगाची असते, ती पळणारी हवी असेल तर वेगळी घ्यायची. एकसारख्या दिसणाऱ्या चार केबली खणातून काढल्या तर एक लॅपटॉप चालवते, एक फक्त फोन, एक सिनेमा पडद्यावर नेते आणि चौथी कुठलीही माहिती नेत नाही, नुसती वीज. बहुतेकींवर बाहेरून ओळखायला खूण नसते. पूर्वी पिन बसायची नाही तेव्हा निदान कळायचं तरी.

मग एवढा खटाटोप फुकट गेला का? विरोधक आकडा पुढे करतात. न वापरलेल्या आणि फेकलेल्या चार्जरचा कचरा युरोपात वर्षाला ११,००० टन, हा आयोगाचाच अंदाज. आणि २०२२ साली जगभरात ई-कचरा झाला ६ कोटी २० लाख टन. सागरातून तांब्याभर. आकड्यांत त्यांचं चुकत नाही. कचरा कमी होईल हे कायद्याचं सर्वांत लंगडं कारण होतं आणि तेच सर्वांत मोठ्याने सांगितलं गेलं, कारण 'लोक वैतागले आहेत' हे कारण कायद्याच्या प्रस्तावनेत शोभत नाही. वास्तविक तेवढं एक कारण पुरेसं होतं. अनोळखी माणसाकडे चार्जर मागितला आणि तो बसला, यात वाचलेला मनस्ताप टनांत मोजता येत नाही म्हणून तो नव्हताच असं नाही.

आणि एकीकरण किती अवघड असतं हे बघायला भिंतीकडे नजर टाकली तरी पुरे. ब्रिटिशांनी १९४७ साली स्वतःसाठी चौकोनी पिनांचा नवा प्लग ठरवला आणि त्याच वर्षी ते इथून गेले. गोल पिनांचा जुना इथेच राहिला. आज तो आपला राष्ट्रीय प्लग आहे, सहा आणि सोळा अँपिअरच्या दोन भावंडांच्या रूपात. १९८६ साली साऱ्या जगासाठी एक प्लग ठरवण्यात आला होता. तो मनावर घेतला दक्षिण आफ्रिकेने आणि ब्राझीलने. ब्राझीलने घेताना त्यात आपला थोडा बदल केला. बाकी जग अजून विमानतळावर अडॅप्टर विकत घेतं. त्या मानाने फोनच्या पिनेचं काम पंधरा वर्षांत झालं, हा विक्रमच मानायला हवा.

हातातली घड्याळं, दाताचे ब्रश आणि दाढीची यंत्रं अजून युरोपच्या यादीबाहेर आहेत. घड्याळांचं तर प्रत्येक घराण्याचं वेगळं चुंबक आहे आणि ते सहलीला निघताना घरी राहण्यासाठीच बनवलेलं असतं. तिथवर कायद्याचा हात पोचेपर्यंत वाचकांनी एवढं करावं: पुढची टाईप-सी केबल घेताना तिच्यावर ६० वॉट छापलंय की २४० ते बघून घ्यावं. प्रमाणित केबलीवर २०२१ पासून या खुणा ठरलेल्या आहेत. फोनला ६० भरपूर झाले, लॅपटॉपला २४० ची घ्यावी. काहीच छापलेलं नसेल तर दुकानदाराला विचारावं, आणि तो "सगळ्याला चालते साहेब" म्हणाला तर शेजारच्या दुकानात जावं.